गणपती महिन्यावर आलेत आणि माजघराला वास येतोय

पत्र:

काकू, नमस्कार. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं. सोप्यात आता नवीन व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, पण माजघर आणि देवघराची खोली अजून शहाबादी फरशीची. २०१९ च्या पुराचं पाणी घरात शिरलं होतं, तेव्हापासून काही फरश्यांच्या दरजा मोकळ्या झाल्यात. आमची राणी (कुत्री, ११ वर्षांची, पिल्लं होऊ नयेत म्हणून लहानपणीच ऑपरेशन केलेलं) गेले चार महिने माजघरात लघवी करते. बऱ्याचदा ती झोपून उठली की तिच्याखालची जागा ओली असते. फिनेलनं पुसून पुसून मी थकले. मग यजमानांनी संडासात टाकायचं ॲसिड ओतलं. फरशी पांढरी पडली, वास तसाच. त्याच संध्याकाळी त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली, तर सासूबाईंना असा ठसका लागला की त्यांना उचलून अंगणात बसवावं लागलं. शेजारच्या आत्यांनी हळदीचं पाणी सांगितलं, तेही झालं. त्यावर सोडा टाकला तर फरशी लाल. पाऊस लागल्यापासून वास वाढलाच आहे. भरीला बाहेरचा एक बोका दाराच्या चौकटीवर फवारा मारून जातो. महिन्याभरात गौरी-गणपती, घरात ४० माणसं जेवायला. सासूबाई म्हणतात राणीला शेतावर पाठवा. हे म्हणतात फरशी उखडून टाइल्स घालू. मला दोन्ही नको आहे. काय करू?
एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर:

ताई,

आधी त्या ठसक्याचं बोलू, वासाचं नंतर. ॲसिड ओतलेल्या फरशीवर ब्लीचिंग पावडर पडली की क्लोरीन वायू सुटतो. फरशी वरून कोरडी दिसत होती, तरी दरजांमध्ये ॲसिड मुरलेलं होतं. शिवाय जुन्या लघवीत अमोनिया असतो. त्याची आणि ब्लीचची गाठ पडली की क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात. तेही डोळ्यांना झोंबतात आणि छातीत जातात. सासूबाईंना तुम्ही मोकळ्या हवेत नेलंत हे अगदी योग्य केलंत. त्यांना अजून खोकला किंवा धाप असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि कशात काय मिसळलं गेलं ते न लाजता सांगा. ॲसिड आणि ब्लीच, दोन्ही या कामातून आजच बाद करा. यजमानांना माझं नाव सांगा हवं तर.

आता फरशी पांढरी का पडली ते. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. कर्नाटकात कलबुर्गीजवळ शहाबाद आहे, तिकडचा म्हणून ते नाव. स्वयंपाकघरातला कडप्पाही चुनखडीच्याच जातीचा, संगमरवरही त्याच घराण्यातला, आणि जुन्या मोझॅक टाइल्समध्ये सिमेंटबरोबर संगमरवराचीच खडी असते. या सगळ्यांचं आणि आंबटाचं वैर आहे. खोटं वाटत असेल तर कपाटाखालच्या, कुणाच्या नजरेला न पडणाऱ्या फरशीवर लिंबाचा एक थेंब पाडा आणि वाकून बघा. बारीक बारीक बुडबुडे येतात. तो दगड विरघळतोय. थेंब लगेच पुसून घ्या. लिंबाची ही कथा, तर संडासाच्या ॲसिडनं काय केलं असेल! फरशीचं वरचं गुळगुळीत कातडं त्यानं खाल्लं, आतली छिद्रं उघडी पडली आणि पुढची लघवी आणखी आत जायला वाट झाली. म्हणजे ॲसिडनं वास गेला तर नाहीच, वर त्याला राहायला जागा करून दिली.

हसणार नसाल तर सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची अर्धी फोड उपडी ठेवली आणि विसरले. सकाळी तिथं पांढरं गोल वर्तुळ. इतकी वर्षं झाली, ते अजून आहे. पाहुणे आले की त्यावर तेलाची बरणी सरकवते.

म्हणून व्हिनेगर, लिंबू, चिंच यांतलं काहीही शहाबादीवर नको, कुणीही सांगितलं तरी. व्हिनेगर अमोनियाला मारतं हे खरं आहे, पण ते सोप्यातल्या व्हिट्रिफाइडवर किंवा कपड्यांवर. हल्ली घरोघरी गूळ, लिंबा-संत्र्याच्या साली आणि पाणी १:३:१० या प्रमाणात तीन महिने आंबवून बायोएन्झाइम करतात. छान वस्तू आहे, मीही करते, न्हाणीला वापरते. पण तेही आंबटच असतं, आणि पुढे मी जे एन्झाइमचं क्लीनर सांगणार आहे ते हे नव्हे. नाव सारखं म्हणून गल्लत करू नका.

आता वास कुठून येतो? तुम्ही फरशी पुसताय आणि वास फरशीवर नाहीच, तो दरजांमध्ये आणि दरजांच्या खाली आहे. ताज्या लघवीला फार वास नसतो. तिच्यातल्या युरियावर जिवाणू काम करतात आणि त्याचा अमोनिया करतात. डोळ्यांत झोंबणारा तो उग्र वास त्याचा. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ते क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतात, पुन्हा ओले होतात आणि वास पुन्हा उठतो. पाऊस लागल्यावर वास वाढला तो यामुळे. पुरानं मोकळ्या झालेल्या दरजा म्हणजे राणीच्या लघवीसाठी तयार पन्हळीच. एकेक दरज चार महिने पितेय. वरून कितीही फिनेल फिरवलं तरी ते वरच्या वर राहतं आणि खोलीला फिनेल अधिक लघवी असा मिश्र वास येतो. तुम्हाला तो ओळखीचा असेल.

पहिलं काम, जागा शोधणं. अख्खं माजघर धुवायचं नाही. माझा अंदाज आहे की दोष सहा-सात दरजांचा आणि फार तर दोन-तीन फरश्यांचा निघेल.

नोटा तपासायला दुकानदार वापरतात तसली जांभळ्या उजेडाची यूव्ही टॉर्च मिळते. घेताना ३६५ ते ३९५ नॅनोमीटर लिहिलंय का ते बघा. रात्री सगळे दिवे घालवा, खिडक्या लावा, डोळे अंधाराला सरावू द्या आणि टॉर्च फरशीच्या अगदी जवळ, तिरकी धरून दरजांवरून हळूहळू फिरवा. जुनी लघवी मळकट पिवळसर-हिरवट चमकते. खडूनं तिथल्या तिथं खूण करा, कारण दिवा लावला की काही दिसत नाही. मात्र चमकतं ते सगळं लघवीच असतं असं नाही. कपड्यांच्या पावडरीचा थर असला तरी चमकतो. म्हणून टॉर्चवर नाकाची साक्ष घ्यायची. खुणेच्या जागेवर रात्री स्टीलची वाटी उपडी घाला. सकाळी वाटी उचलून चटकन नाक लावा. वास साठलेला असेल तर ती जागा पक्की. सात-आठ वाट्या माजघरात उपड्या पडलेल्या बघून घरातले विचारतील हे काय चाललंय. विचारू द्या.

आणि एक. तुमचं नाक या वासाला सरावलंय, तुम्हाला आता खरं-खोटं कळणार नाही. घरात रोज राहणाऱ्यांचं तसं होतंच. पण सासूबाई तक्रार करतायत म्हणजे त्यांचं नाक अजून शाबूत आहे. त्यांनाच या कामाला घ्या. “आई, तुम्हीच सांगा, कुठं येतोय?” असं म्हणून त्यांना पाटावर बसवा आणि वाटी त्यांच्या हातात द्या. दोन फायदे आहेत. दुसरा कोणता ते तुम्ही ओळखाल.

जागा सापडल्या की आधी जुनं सगळं धुऊन काढा: फिनेल, ॲसिड, ब्लीच, सोडा, साबण. साधं पाणी, फार तर कोमट. कढत पाणी नको, वाफेचं मशीनही नको. उष्णतेनं लघवीतले काही घटक आणखी घट्ट चिकटतात. पाणी दरजेवर सोडायचं, जुन्या सुती साडीची घडी त्यावर ठेवायची आणि पायानं दाबून उभं राहायचं. फडक्यानं पुसलं की घाण पसरते, दाबलं की वर येते. दोन-तीनदा करा. पहिल्या घडीचा रंग बघाल तर पुढचं काही सांगायला लागणार नाही.

मग एन्झाइमवालं क्लीनर. कुत्र्या-मांजरांच्या सामानाच्या दुकानात मिळतं, ऑनलाइनही येतं. बाटलीवर एन्झाइम किंवा जिवाणू असा उल्लेख आहे ना ते बघा. नुसतं ‘पेट फ्रेश’ वगैरे लिहिलेलं बहुतेक वेळा सुगंधी पाणी असतं. खरं क्लीनर लघवीतले घटक तोडून टाकतं, पण त्याला वेळ आणि ओल लागते. इथंच बहुतेक जणी चुकतात. चार फवारे मारतात, पंखा लावतात, अर्ध्या तासात पुसतात आणि म्हणतात, पैसे वाया गेले. लघवी जितकी आत गेली तितकंच हे आत गेलं पाहिजे. म्हणून फवारू नका, दरजेत ओता. दरज पिऊन थांबेपर्यंत ओता. मग वर प्लास्टिकचा कागद पसरा, कडांना चिकटपट्टी लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कागद काढून जागा आपोआप वाळू द्या. वाळताना वास थोडा वाढल्यासारखा वाटेल. घाबरून त्यावर फिनेल ओतू नका. जंतुनाशक पडलं की एन्झाइमबरोबरचे जिवाणू मरतात आणि केलेलं काम पाण्यात जातं. चार महिन्यांचं मुरलेलं आहे, एका खेपेला जाणार नाही. दोन-तीन खेपा धरा. सध्या हवा दमट आहे, प्रत्येक खेपेनंतर दोन दिवस टेबलफॅन जमिनीलगत लावून ठेवा.

जिथं फरशी स्वतःच प्यालीय, म्हणजे ॲसिडनं खरखरीत झालेल्या भागात, तिथं लेप लागेल. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. बाटलीवर ३ टक्के असेल तर तसंच घ्या. ६ टक्के असेल तर तेवढंच पाणी घालून ३ टक्क्यांवर आणा. त्यात खायचा सोडा कालवून भज्याच्या पिठापेक्षा जरा घट्ट लेप करा. हातमोजे घाला. अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर द्या, वर प्लास्टिक, प्लास्टिकला सुईनं भोकं, आणि एक दिवस थांबा. वाळून भुगा झाला की खरवडून काढा आणि ओल्या फडक्यानं दोनदा पुसा. आधी कोपऱ्यात करून बघा, कारण दगडाचा रंग थोडा उतरू शकतो. उरलेला लेप झाकणाच्या बाटलीत भरून ठेवू नका. त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटते. एन्झाइम आणि पेरॉक्साइड एकाच दिवशी एकाच जागी नकोत. पेरॉक्साइड एन्झाइमलाही सोडत नाही.

हळदीचं लाल काय, ते गंमतच आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्यामुळे आत्यांना ती फरशीलाही चालावी असं वाटलं असेल. हळदीतलं कुर्कुमिन सोड्यासारख्या क्षाराबरोबर लाल होतं. कुंकू हळदीपासून करतात ते याच गुणावर. साध्या पाण्यानं सोडा निघून गेला की ते परत पिवळं होईल, आणि हळदीचा पिवळा डाग उन्हाला टिकत नाही. खिडकीतून ऊन येत असेल तर त्या फरशीवर येऊ द्या. वासावर हळदीचा काही उपयोग नाही.

इतकं करून वाटीत वास येतच राहिला, तर समजा की लघवी फरशीखालच्या मुरमापर्यंत पोचलीय. मगच गवंडी बोलवायचा आणि त्याला फक्त त्या एक-दोन फरश्या उचलायला सांगायचं. जुन्या घरात शहाबादी मुरूम आणि चुन्याच्या गिलाव्यावर बसवलेली असते. नीट उचलली तर अख्खी निघते. खालचा काळपट, वास मारणारा थर खणून टाकायचा, खड्डा दोन-तीन दिवस उघडा ठेवून वाळवायचा, कोरडा मुरूम भरायचा आणि तीच फरशी परत बसवायची. फरशीची खालची बाजूही हुंगून बघा. तिलाच वास असेल तर तेवढी एक बदला. हे काम पुराच्या गाळासाठीही एकदा व्हायलाच हवं होतं.

यजमानांना सांगा, माजघर उखडून टाइल्स घालण्याचा खर्च गणपतीच्या तोंडावर कशाला? आणि मुरमातला वास न काढता वर टाइल्स घातल्या तर तो कडेच्या पट्टीतून वर येणारच. तेव्हा मग टाइल्स उखडायच्या का?

दरजा भरायच्या, पण वास पूर्ण गेल्यावर आणि जागा ठणठणीत वाळल्यावर. ओल आत असताना वरून सिमेंट भरलं की वास कोंडतो आणि दुसरीकडून वाट काढतो. वाटीची परीक्षा सलग तीन रात्री पास झाली की मगच भरा. साध्या सिमेंटपेक्षा इपॉक्सी ग्राउट पाणी कमी पितं, महाग आहे, पण दोन-तीन फरश्यांच्या भोवतीला किती लागणार! गणपतीच्या आत वाळलं नाही तर तसंच राहू द्या. आरास करताना त्यावर सतरंजी मात्र घालू नका, हवा लागू द्या.

सोप्यातल्या व्हिट्रिफाइडची काळजी नको. ती पाणी जवळजवळ पीतच नाही. तिथं फक्त सांध्यातलं ग्राउट आणि भिंतीलगतची पट्टी बघा.

आता राणी. खरं तर तिचं आधी लिहायला हवं होतं, कारण नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही. तुम्ही पत्रात जे एक वाक्य सहज लिहून गेलात, झोपून उठली की तिच्याखालची जागा ओली असते, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ती लघवी करत नाहीये, ताई, तिची लघवी गळतेय. ऑपरेशन झालेल्या माद्यांमध्ये वय वाढलं की मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल पडतो आणि झोपेत गळती होते. तिला ते कळतही नाही. तिला रागावून, जागेवर नाक घासून काही होणार नाही, ती फक्त भेदरेल. यावर औषध आहे आणि बऱ्याच कुत्र्यांना त्यानं चांगला उतार पडतो. पण ते डॉक्टरांनीच द्यायचं, कारण अशीच लक्षणं मूत्रमार्गाच्या संसर्गात, मधुमेहात आणि किडनीच्या आजारातही दिसतात आणि त्यांची औषधं वेगळी असतात.

डॉक्टरांकडे रिकाम्या हातानं जाऊ नका. दोन दिवस तिचं पाणी मोजा. सकाळी मापानं भांडं भरायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं मोजायचं. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर पाणी जात असेल, म्हणजे २० किलोची राणी दोन लिटरच्या वर पीत असेल, तर ते जास्त आहे. डॉक्टरांना हा आकडा सांगा. दुसरं, सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना. ती बाहेर बसली की मागून एक उथळ ताटली सरकवायची. पहिल्या दिवशी ती तुमच्याकडे वळून बघेल आणि उठून जाईल. दुसऱ्या दिवशी जमतं. स्वच्छ, कोरड्या डबीत भरून लगेच पोचवा, वेळ लागणार असेल तर फ्रीजमध्ये, आणि डबीवर ठळक लिहा, नाहीतर घरात भलतंच काही व्हायचं. लघवीत रक्त दिसलं, किंवा ती कुंथतेय आणि काही येत नाही असं झालं, तर मोजमाप वगैरे सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि गळते म्हणून तिचं पाणी तोडू नका. किडनी अधू असेल तर तेच जिवावर बेतेल.

शेतावर पाठवायचं म्हणाल तर मी सासूबाईंच्या विरोधात बोलणार नाही, घर त्यांचं आहे आणि देवघराच्या भिंतीला लागून वास येतोय म्हटल्यावर त्यांचा जीव कासावीस होणारच. पण ११ वर्षं माजघरात झोपलेली कुत्री पावसाळ्यात शेडमध्ये किती दिवस काढेल, हे त्यांना विचारा. माझा अंदाज असा की त्यांना राणी नकोय असं नाही, त्यांना वास नकोय.

बोक्याचं थोडक्यात. उभ्या चौकटीवर, शेपूट ताठ करून थरथरवत फवारा मारतो तो हद्दीची खूण म्हणून. बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचा घटक असतो, त्याच्यापासून गंधकाचे वास तयार होतात, म्हणून तो वास कुत्र्याच्या लघवीपेक्षा नाकात जास्त बसतो. चौकट लाकडी असेल तर एन्झाइमचं क्लीनर कापडाला भिजवून त्यावर बांधून ठेवा. पेरॉक्साइड लाकडावर नको, रंग उडेल. बाहेर खरकटं ठेवत असाल तर बंद करा. आणि तो कुणाचा पाळलेला असेल तर मालकाला गोड बोलून त्याचं ऑपरेशन करायला लावा. त्यानंतर बहुतेक बोके हे सोडतात.

फिनेल आता घरातून काढलंच तर बरं. काळ्या फिनेलमध्ये फिनॉलच्या जातीची द्रव्यं असतात. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाहीत. पुसलेल्या फरशीवरून चाललं, मग पाय चाटले, की पोटात गेलंच. राणीही तिच्या जागेवर तेच चाटत असणार. वासासाठी कोपऱ्यात कापूर आणि डांबराच्या गोळ्या ठेवायची पद्धत आहे, तीही कुत्र्या-मांजरांच्या घरात नको. अमोनिया असलेलं काचेचं क्लीनरही फरशीला नको. राणीच्या नाकाला ते लघवीसारखंच लागतं आणि तिला वाटतं, अच्छा, इथंच करायची असते.

आणि हे जरा अवघड बोलते. सणाआधी कुणीतरी गोमूत्र शिंपडायला सांगेल. देवापुढं चार थेंब शिंपडा, श्रद्धेचं त्यात सगळं आलं. पण माजघरभर शिंपडू नका. शेवटी तेही मूत्रच. दरजांत गेलं की तोच युरिया आणि तोच अमोनिया.

राणीची झोपायची जागा मधल्या काळात बदला. दरजांच्या शहाबादीवरून तिला सोप्यात आणा. खाली लहान बाळांच्या अंथरुणात घालतात ते मेणकापड, वर दोन जुन्या गोधड्या आलटून पालटून. ओली झालेली गोधडी आधी नुसत्या पाण्यातून काढा, मग बादलीभर पाण्यात कपभर पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा (कपड्याला चालतं, फक्त बादली शहाबादीवर ठेवू नका!), मग नेहमीच्या पावडरीनं धुवा. सुगंधी कंडिशनर नको. ऊन पडलं की आधी गोधडी, मग बाकीचे कपडे.

ॲसिडनं पांढरी पडलेली फरशी घासून काळी होणार नाही, त्यात हात दुखवून घेऊ नका. पॉलिशवाला मशीननं वरचा थर घासून काढेल आणि दगडात मुरणारं सीलर लावून देईल, म्हणजे पुढं काही सांडलं तरी पुसायला वेळ मिळतो. मात्र ते पूर्ण वाळलेल्या दगडावरच होतं. म्हणून त्याला गणपतीआधी बोलवू नका. दसऱ्यानंतरची तारीख घ्या, आणि तोवर त्या पांढऱ्या जागेवर पाट मांडा.